शेळी-मेंढीचं कातडं खरवडायचा फ्लेशर: धार कुठे, किती आणि कशी

रापीवाला
कातडी कमावण्यावर इथे तुरटी, हिरडा, बाभळीची साल यांबद्दल भरपूर लिहून झालंय. त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे आतल्या बाजूचं मांस, चरबी आणि पडदा काढण्यावर, मात्र एका जागी काहीच सापडत नाही. बकरी ईदनंतर पुण्यात ताजी कातडी सहज मिळतात, हौशी मंडळी आणतात, पाचसहा भोकं पाडतात आणि सुरीला शिव्या देतात. माझं मत स्पष्ट आहे: भोक पडलं तर धारेला दोष देणं सगळ्यात शेवटी. आधी घोडी (कातडं ज्यावर टाकून खरवडतात तो गोल ओंडका), मग कातड्याची घडी, मग हाताचा कोन तपासावा.

फ्लेशर म्हणजे दोन मुठींचं लांब पातं. दोन्ही हातांनी धरून आपल्यापासून पुढे ढकलायचं. शेळी-मेंढीसाठी पातं 12 ते 14 इंच लांब, 40 ते 50 मिमी रुंद आणि साधारण 3 मिमी जाड असलं की पुरे. त्याच्या दोन कडा दोन वेगळी कामं करतात. एक धारदार, दुसरी बोथट.

बोथट कड म्हणजे दुर्लक्षित कड नव्हे. बहुतेक काम तीच करते. कानशीने ती पात्याला काटकोनात सपाट करायची. त्यामुळे दोन तीक्ष्ण कोपरे तयार होतात. ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-तीन हात मारून नुसते मोडायचे. कोपरे तसेच ठेवले तर ओल्या कातड्यात रुततात. उलट सगळी कड गोल करून टाकली तर ती चरबीवरून घसरते, चरबी निघत नाही, नुसती सारवली जाते. चाचणी सोपी आहे: अंगठ्याच्या नखावर कड आडवी ओढा. नखाची पावडर निघाली तर कोपरे अजून जिवंत आहेत. काहीच न जाणवता घसरली तर जास्त गोल झाली आहेत. हलका अडथळा जाणवायला हवा.

धारदार कडेला मी एकाच बाजूने उतार देतो, 25 अंशांच्या आसपास. कोन मोजायला यंत्र लागत नाही. पातं 3 मिमी जाड असेल तर 25 अंशांचा उतार सात मिमीच्या आसपास रुंद दिसतो, 30 अंशांचा सहा, 20 अंशांचा पावणेनऊ. फुटपट्टी लावून बघा. 20 च्या खाली गेलात तर मानेवरच्या चिवट भागात धार वळते. 30 च्या वर गेलात तर पडद्याखाली शिरतच नाही.

पात्याची दोन्ही टोकं मात्र न विसरता गोल करा, किमान 5-6 मिमी त्रिज्येची. नवीन पात्यांची टोकं बऱ्याचदा चौकोनी असतात. हात जरा तिरका झाला की तो कोपरा कातड्यात घुसतो.

धार लावण्याची पद्धत खालच्या प्रतिसादात लिहितो, एकाच पोस्टमध्ये फार लांबतंय.

सहाण
वाट बघतोय. तोवर एक प्रश्न: उतार कातड्याच्या बाजूला ठेवायचा की वर?

रापीवाला
@सहाण, खाली. उतार कातड्याकडे असला की पातं तरंगत जातं. मुठी थोड्या उचलल्या की कापतं, दाबल्या की सुटतं. ताबा हातात राहतो. सपाट बाजू खाली ठेवलीत तर कापणं एकदा सुरू झालं की पातं स्वतःच खोल जात राहतं. सुतारकामात पटाशी उलटी-सुलटी धरण्यात जो फरक आहे तोच हा.

आता धार. एवढं लांब पातं दगडावर फिरवू नका, मध्ये खड्डा पडतो आणि टोकं तशीच राहतात. पातं व्हाइसमध्ये लाकडाच्या फळ्यांमध्ये आवळून धरा आणि दगड पात्यावरून फिरवा. दगड साधा दुहेरी कार्बोरंडमचा चालतो, बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आधी तो सपाट आहे का बघा. जुना दगड मधे खोलगट असतो. तसा असेल तर गुळगुळीत फरशीवर खरखरीत एमरी पेपर, त्यावर पाणी, आणि दगड घासून सपाट करून घ्या.

उतारावर काळ्या मार्करने रंग द्या. जाड बाजूने चार-पाच हात मारा आणि रंग कुठून गेला ते बघा. फक्त वरून गेला तर कोन कमी पडतोय, दगड थोडा उचला. फक्त कडेवरून गेला तर कोन जास्त आहे. पूर्ण पट्टी साफ होईपर्यंत हा खेळ चालू ठेवायचा. मग पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एकसारखे हात, दगड नेहमी कडेच्या दिशेने ढकलत. सपाट बाजूला बोट टेकवून पाहिलं की बारीक कड उलटी वळलेली जाणवते. हीच बर. ती पूर्ण लांबीत सलग जाणवली पाहिजे. कुठे तुटली असेल तर तेवढ्या जागेत उतार कडेपर्यंत पोचलेला नाही.

बर आली की बारीक बाजू, त्याच कोनात, निम्मा दाब. मग पातं उलटून सपाट बाजूवर दगड पूर्ण टेकवून दोन-तीनच हात. इथे दगड उचललात तर दुसरा उतार तयार होतो आणि खालून तरंगण्याचा सगळा फायदा जातो. शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरव्या पॉलिशने कडेपासून मागे ओढा, दोन्ही बाजूंनी.

दाढी करण्याइतकी धार नको. वर्तमानपत्राचा कागद ढकलून कापला जाईल एवढी पुरे.

लोहारकी
एक भर. कोरड्या ग्राइंडरवर उतार काढू नका. कडेला निळी झाक आली की तिथली पाणी दिलेली (तापवून कडक केलेली) कड मऊ पडली असं समजा, आणि तो भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा आणि बोट लावून बघत राहा. बोटाला चटका बसला तर आधीच उशीर झालाय.

घरी पातं करणाऱ्यांसाठी: जुन्या बाजारात गाडीच्या कमानीचे पाटे किलोवर मिळतात. चांगलं स्प्रिंग स्टील, पण जाडी 6 मिमीच्या वर असते, ती निम्मी करण्यात बराच वेळ जातो. पाटा लाल करून सरळ करा, मऊ होऊ द्या, आकार द्या, मग पुन्हा तापवा. चुंबक चिकटायचं बंद झाल्यावर अजून थोडं तापवून गरम तेलात बुडवा. पाण्यात बुडवू नका, पातं तडकतं किंवा पिळवटतं. लगेच घासून उजळ करा आणि ओव्हनमध्ये 230 ते 250 अंशांवर तासभर, दोनदा. रंग गडद सोनेरी ते तपकिरी यायला हवा.

दुसरा मार्ग, सुतारकामाच्या प्लेनर मशीनचं हायस्पीड स्टीलचं पातं: 300 मिमी लांब, 30 रुंद, 3 जाड. लाकडी पट्टीत खाच करून बसवलं की झालं. ते निळं पडलं तरी मऊ पडत नाही, 500 अंशांपर्यंत त्याला फरक पडत नाही. तोटे दोन. ते ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की टवका उडतो. आणि साध्या दगडावर फार हळू घासलं जातं, डायमंड प्लेट लागते.

बाभूळबन
घोडीबद्दल लिहितो, कारण वर रापीवाल्यांनी पहिलं नाव तिचंच घेतलंय आणि पुढे विसरले.

बाभळीचा किंवा सागाचा ओंडका, व्यास 6 ते 8 इंच, लांबी साधारण 5 फूट. एक टोक जमिनीवर, दुसरं पायांवर उभं करून पोटाच्या उंचीला. वरचं टोक अर्धगोल घडवायचं. वाकावं लागत असेल तर घोडी बुटकी आहे. अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते आणि मग हात तिरका पडतो.

गोलाईचं कारण समजून घ्या. सरळ पातं गोल घोडीवर टेकतं ते जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. तेवढ्याच जागेवर सगळा जोर जातो आणि नजरही तिथेच राहते. घोडी जास्त सपाट असेल तर पातं रुंद टेकतं, ढकलायला जोर लागतो आणि जोर लागला की काम बिघडतं. फार बारीक असेल तर कातडं तिच्यावरून घसरून घडी पडते.

पृष्ठभाग काचेसारखा नितळ हवा. गाठ नको, तडा नको, खिळा तर नकोच. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून आणलेल्या ओंडक्यात जुने खिळे निघणं नवीन नाही, चुंबक फिरवून घ्या. 80, 120, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर कोरड्या कापसाचा बोळा सगळीकडून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे कातडं फाटणार. मग जवसाचं तेल दोन-तीन हात.

लाकूड नको असेल तर 6 इंची जाड पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून ओंडक्यावर बसवा. ओला राहिला तरी फुगत नाही, धुवायला सोपा, वासही धरत नाही. पावसाळ्यात लाकडी घोडीला बुरशी येते, पाइपला नाही.

ऋतुजा_वाघोली
घोडीवर कातडं घट्ट धरायचं कसं? क्लॅम्प लावला तर त्या जागी खूण पडते.

बाभूळबन
@ऋतुजा_वाघोली, क्लॅम्प नकोच. कातडं घोडीवर टाकताना चार-पाच बोटं कड वरच्या टोकावरून आपल्याकडे लोंबू द्या आणि पोटाने टोकावर दाबून धरा. मधे जाड रबरी एप्रन हवा, ट्रकची जुनी ट्यूब कापून केलेला सगळ्यात चांगला. पातं पुढे ढकलायचं आणि पोटाने मागे धरायचं, म्हणजे कातडं दोहोंमध्ये आपोआप ताणलं जातं. जागा बदलायची तर पोट मागे घ्या, कातडं फिरवा, पुन्हा दाबा. हे दर दोन-तीन हातांनी करावं लागतं. कंटाळा करून एकाच जागी पोचतंय तिथवर ढकलत राहिलं की घडी पडलीच.

रापीवाला
आभार. आता क्रम लिहितो, शेळीचं कातडं गृहीत धरून.

आधी केसांची बाजू. कुसळं, गोखरूचे काटे, वाळलेली लेंडी, गोचीड, सगळं कंगव्याने आणि धुऊन काढा. खालून आलेला एक काटा वरून पात्याखाली आला की तेवढ्याच आकाराचं गोल भोक. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

कातडं थंड पाण्यात ठेवून मग घ्या. चरबी थंड असली की घट्ट असते आणि तुकड्याने निघते. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी काम काढलंत तर ती तेलासारखी पसरते. पहाटे करा नाहीतर पाण्यात बर्फ टाका. हात फार निसटत असेल तर लाकडाचा भुसा किंवा गव्हाचा कोंडा भुरभुरा.

सुरुवात मानेच्या मध्यावरून, पाठीच्या कण्यावरून शेपटीकडे. मग मध्यापासून दोन्ही कडांकडे. केस ज्या दिशेला झुकतात त्या दिशेने ढकलायचं. उलट ढकललं तर केसांची मुळं आतून छाटली जातात आणि केसांसकट कमावायचं असेल तर तिथे टक्कल पडतं. बोथट कड उभी, 60 ते 70 अंश. एक हात, म्हणजे एकदा ढकलणं, पाचसहा इंच, पुढचा हात निम्मा आधीच्यावर. धारदार कड फक्त चार ठिकाणी: बोकडाची मान, शेपटीचं मूळ, कडेचे लोंबते तुकडे आणि खाटकाने मांस तसंच सोडलेल्या जागा. तेव्हा ती जवळजवळ आडवी.

काखा, जांघा आणि सडांच्या जागा शेवटी, आणि बोथट कडेनेच, निम्म्या जोराने. पोटाची कातडी मानेच्या तुलनेत फारच पातळ असते. सड कापू नका, त्याच्या कडेकडेने जा. मुळापासून छाटलात तर भोक पडतं आणि ताणल्यावर ते वाढतं.

पडदा पूर्ण निघाला की खालचं कातडं निळसर पांढरं, किंचित दाणेदार दिसतं. चकचकीत, ताणल्यावर जाळी दिसणारा भाग म्हणजे पडदा अजून आहे. तो राहिला तर तुरटी तिथे आत शिरत नाही आणि वाळल्यावर तेवढाच भाग पत्र्यासारखा कडक राहतो.

सहाण
थोडा विरोध नोंदवतो. धारदार कड चारच जागी, हे नवशिक्यासाठी ठीक. पण सराव झाल्यावर पूर्ण कातडं धारदार कडेने दुपटीने लवकर होतं, आणि जोर कमी लागतो म्हणून फाटतही कमी. बोथट कडेने चिवट पडदा घासत बसलं की कातडं तापतं, केसांची मुळं सैल होतात.

रापीवाला
@सहाण, सराव असेल तर हरकत नाही. माझा आक्षेप मधल्या अवस्थेला आहे. लावलेली पण उतरलेली धार. तिला जोर लागतो, आणि जोर दिल्यावर ती अचानक पकडते. कड एकतर नीट धारदार असावी नाहीतर नीट बोथट. पाच-सहा मिनिटांनी चामड्याच्या पट्टीवर चार हात, एवढी शिस्त असेल तर धारदार कडेने जरूर करा. तीच नसते म्हणून नवशिक्याला मी बोथट सांगतो. मेंढीच्या कातड्याला मात्र तुमचंही मत लागू पडणार नाही असं वाटतं.

सहाण
मेंढीबद्दल मान्य. तिथे बोथटच.

धनगरवाडा
मेंढीचा विषय निघालाच आहे तर. मेंढीच्या कातड्यात वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये चरबी असते आणि दोन्ही थर सैल जोडलेले असतात. लोकर दाट असेल तर जास्तच. धारदार कडेने किंवा जोराने ढकललंत तर भोक पडत नाही, पण थर सुटतात. ओलं असताना कळत नाही. वाळल्यावर वरचा थर फुग्यासारखा वेगळा होतो आणि तो परत चिकटत नाही.

म्हणून मेंढीला बोथट कड, लहान हात, आणि चरबी एका फेरीत संपवायचा हट्ट नको. पहिल्या फेरीत मोठी चरबी, मग कोमट पाणी आणि भांडी घासायच्या द्रावणाने धुणं, मग दुसरी फेरी. राहिलेलं तेल कमावल्यानंतर बाहेर येतं आणि कातडं पिवळं पडतं, खवट वास येतो. पाणी 35 अंशांच्या वर नको. जास्त गरम पाण्यात लोकर सुटते आणि गुठळ्या होतात.

भोक_तज्ज्ञ
नाव बघून हसू नका. भोकाचा आकार बघून चूक ओळखता येते, म्हणून लिहितो.

चंद्रकोरीसारखं भोक: घडी. कातडं सैल होतं, घडी पात्यासमोर उठली आणि पातं तिच्यावरून गेलं. सगळ्यात जास्त आढळणारं हेच. कारण ताण कमी किंवा कडेकडून आत ढकलणं. पातं नेहमी मध्यातून बाहेर, किंवा दाबलेल्या जागेपासून मोकळ्या जागेकडे. पण मोकळ्या कडेच्या शेवटच्या बोटभर भागात पोचण्याआधी थांबायचं. तिथे आधार संपतो. तेवढा भाग कात्रीने कापून टाका, कमावल्यावर तसाही कापावा लागतो.

बारीक गोल भोक: खाली काहीतरी होतं. काटा, गाठ, लेंडी, घोडीवर सांडलेला खडा.

लांब सरळ चीर, सुरुवातीला रुंद आणि पुढे निमुळती: पात्याचं टोक. टोकं गोल केली नाहीत, किंवा एका हाताने जास्त जोर.

लांब चीर, पण दोन्ही टोकं निमुळती आणि कडा स्वच्छ: ही तुमची नाही. सोलताना खाटकाच्या सुरीने दिलेला चर आहे, तो खरवडताना उघडला. असे चर उजेडासमोर धरून आधीच शोधा, मागे खडूने खूण करा आणि त्यावरून चराच्या दिशेनेच जा, आडवं कधीच नाही. कातडं विकत घेतानाच शक्य असेल तर मुठीने ओढून सोललेलं मागा, सुरीने सोललेलं नको.

छोट्या छोट्या ठिपक्यांचा पट्टा, एका रेषेत: धारेला टवका आहे. प्रत्येक हाताला तीच जागा ओरखडते. भिंगाने कड बघा, टवक्याच्या खोलीपर्यंत पूर्ण उतार मागे घ्या. फक्त टवक्याच्या जागी घासलंत तर तिथे खाच होते.

पसरट, कडा मऊ, ओढल्यावर वाढणारं भोक आणि आसपास केस सहज निघतात: हे कुजणं आहे. सुरीचा संबंध नाही. त्या कातड्यावर पुढे श्रम घेऊ नका.

भोक शिवायचं तर ओलं असतानाच, आतून, मेण लावलेल्या बारीक नायलॉन दोऱ्याने. गोल भोक आधी डोळ्याच्या आकाराचं कापून घ्या, नाहीतर शिवणीच्या टोकाला चुण्या पडतात.

ऋतुजा_वाघोली
शेवटचा प्रकार नेमका कळला. कातडं सकाळी मिळतं आणि काम रात्रीच करता येतं. मधल्या वेळात काय करावं? फ्रीज?

रापीवाला
@ऋतुजा_वाघोली, उन्हाळ्यात चार-पाच तासांत कुजायला सुरुवात होते, आधी पोटाच्या आणि कानांच्या बाजूला. फ्रीज चालेल, पण घडी करून पिशवीत भरलंत तर मधली घडी गरमच राहते. आधी थंड पाण्यात चांगलं गार करा, निथळा, मग गुंडाळा. रात्रीपर्यंत ठीक.

त्याहून जास्त वेळ असेल तर मीठ. पण पटकन मोठी चरबी काढून मगच, कारण चरबीतून मीठ आत जात नाही आणि तिच्याखालीच केस सुटतात. मीठ बारीक, कातड्याच्या वजनाच्या निम्मं. दीड किलोच्या कातड्याला पाऊण किलो. आतल्या बाजूला चोळून कडा, पाय, मान सगळीकडे पोचलं पाहिजे. उतारावर ठेवा म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून पुन्हा तेवढंच नवीन. झटकलेलं मीठ परत वापरू नका. त्यात मिठातही जगणारे जिवाणू असतात आणि कातड्यावर लाल डाग येतात.

खारवलेलं कातडं खरवडण्याआधी पुन्हा मऊ करावं लागतं. लिटरला 30 ग्रॅम मीठ घातलेल्या थंड पाण्यात सहा ते बारा तास. सुरुवातीलाच साध्या पाण्यात टाकलं तर उन्हाळ्यात भिजतानाच कुजतं.

पान_आणि_वादी
तालवाद्यांसाठी कातडं करणाऱ्यांना हे सगळं तसंच लागू होत नाही, म्हणून वेगळं लिहितो. ढोल-ताशा पथकांत बरीच पानं (वाद्यावर ताणलेली वाजवायची कातडी) आता प्लास्टिकची आली, पावसात चामड्याचं पान उतरतं हे कारण. पण ढोलकी, संबळ, हलगी, तबला, पखवाज यांना कातडंच लागतं, आणि ते बहुधा शेळीचं.

इथे केस नको असतात, त्यामुळे आधी चुना आणि मग खरवडणं. दहा लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम विझवलेला चुना. पाण्यात चुना विरघळतो फार थोडा, उरलेला तळाशी बसतो, म्हणून दिवसातून दोनदा ढवळायचं. अंगठ्याने केस सरकले की काढा, थंडीत जास्त दिवस लागतात. चुन्यात कातडं फुगतं, चिवट पडदा सैल होतो आणि बोथट कडेने अक्षरशः सोलला जातो. मोठ्या टॅनरींतही बरेच ठिकाणी चुन्यानंतरच मांस काढतात.

वाद्याच्या कातड्याला धारदार कड लावूच नये हे माझं ठाम मत. सुरीचा एक चर, डोळ्याला न दिसणारा, पान ताणलं की तिथूनच फुटतं. शाईखाली असेल तर आणखी लवकर. जाडी हवी तेवढी कमी करायची तर वाळल्यावर पॉलिश पेपरने, सुरीने नाही.

खरवडून झाल्यावर चुना पूर्ण धुवा. पाणी बदलत राहा. शेवटी कडेचा एक तुकडा कापून कापलेल्या बाजूवर फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाका. मधे गुलाबी रेघ आली तर चुना आत आहे. राहिला तर पान काही महिन्यांत ठिसूळ होतं.

चुन्याला हात लावताना रबरी मोजे आणि गॉगल. डोळ्यात शिंतोडा गेला तर आधी भरपूर पाणी, मग डॉक्टर, चोळणं नाही.

पशुवैद्य_शिरूर
आरोग्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

एक, आपोआप मेलेल्या जनावराचं कातडं घेऊ नका, सोलू नका. फाशी म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेल्या जनावराचं शव उघडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात, ते वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसाला काळपुळी होते. मीठ त्यांना मारत नाही. नाकातोंडातून काळं न गोठलेलं रक्त, पोट लवकर फुगणं दिसलं तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

दोन, शेळ्यांमधून ब्रुसेलोसिस माणसात येतो, आणि तो हाताच्या बारीक जखमेतून किंवा उडालेल्या थेंबांतून शिरू शकतो. मोजे हवेत. गर्भवती व्यक्तीने हे काम करू नये. पंधरवड्यानंतर रोज संध्याकाळी ताप चढत असेल तर डॉक्टरांना कातड्याच्या कामाबद्दल सांगा, नाहीतर भलत्याच तपासण्या होतात.

तीन, फ्लेशरची जखम. दोन्ही हात मुठींवर असल्याने बोटं कमी कापली जातात. धोका पातं पुसताना आणि धार लावताना. पुसायचं ते पाठीकडून कडेकडे, आडवं नाही.

मीटर_डाऊन
गाडी धुवायच्या प्रेशर वॉशरने पडदा निघतो असं परदेशी व्हिडिओत दाखवतात. इथे चालेल का?

भोक_तज्ज्ञ
@मीटर_डाऊन, निघतो. पंख्यासारखा फवारा देणारं नोझल, 25 अंशांचं. एका रेषेत मारणारं नोझल लावलंत तर पाणीच कातडं कापतं. कातडं फळीवर खिळ्यांनी ताणून, फवारा तिरका, मध्यातून बाहेर. जाड कातड्याला बरं, पातळ पोटाला नको. पण वर पशुवैद्यांनी थेंबांबद्दल लिहिलंय ते परत वाचा. पडदा आणि चरबी सगळीकडे उडते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर विचारही नको. मास्क, गॉगल, मोकळं रान.

काळा_कोट
कायद्याचं दोन ओळींत. शेळी, मेंढी, म्हैस यांची कातडी चालतात. महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीनंतर गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा वादीसाठी (पान ताणायच्या चामडी पट्ट्यांसाठी) जनावराचं कातडं घेताना ते म्हशीचं असल्याची पावती ठेवा. जंगली प्राण्यांना हात लावू नका, मग तो रस्त्यावर गाडीखाली आलेला असला तरी. दिमडीला घोरपडीचं कातडं लागतं असं कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गंभीर गुन्हा आहे. शेळीच्या पातळ कातड्याची दिमडी वाजते.

पान_आणि_वादी
@काळा_कोट, वाजते. पोटाजवळचा पातळ भाग घ्यायचा, एवढंच.

बाभूळबन
निघालेली चरबी आणि मांस बेसिनमध्ये किंवा गटारात सोडू नका. थंड झाली की पाइपात गोठते. घोडीखाली ताडपत्री आणि टोपलं ठेवा. उघड्यावर करत असाल तर घारी आणि कुत्री दहा मिनिटांत हजर होतात, तेव्हा भरलेलं टोपलं झाकत जा. जागा असेल तर दोन फूट खोल खड्डा, वर चुना, वर माती आणि त्यावर जड दगड.

ऋतुजा_वाघोली
काम झाल्यावर फ्लेशर कसा ठेवायचा? स्प्रिंग स्टीलच्या पात्यावर एका रात्रीत गंज आला.

लोहारकी
@ऋतुजा_वाघोली, मिठामुळे. खारवलेलं कातडं खरवडल्यावर नुसतं पुसून भागत नाही. साबणाने धुवा, लगेच गरम पाणी ओता म्हणजे पातं स्वतःच्या उष्णतेने कोरडं होईल, मग मशीनचं पातळ तेल. पात्याच्या मुठीत शिरलेल्या भागाला विसरू नका, लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये खारं पाणी साठतं आणि मूठ आतून सुटते. बसवतानाच तिथे एपॉक्सी भरलेलं बरं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. जुन्या पीव्हीसी पाइपला उभी चीर देऊन कडेवर चढवा.

आलेला गंज नुसता वरचा असेल तर 800 नंबरचा पेपर आणि तेल. कडेवर खड्डे पडले असतील तर उतार पुन्हा काढावा लागेल, मार्करपासून सुरुवात.